फितीच्या शेवटी

पनवेलहून उरणच्या रस्त्याला लागलं, की खाडीच्या अलीकडे रंगाचा एक कारखाना होता. १९६८ साली त्याच्या कचेरीत पंचिंगचं यंत्र आलं आणि ते चालवायला शांती नोकरीला लागली. ती मिठागरावर राबणाऱ्या घरातली. मॅट्रिक झाल्यावर मुंबईला जाऊन हे काम शिकून आलेली.

काम हजेरीचं. फाटकावरून नोंदी यायच्या, त्या शांती कागदाच्या फितीवर भोकांनी उतरवायची: माणसाचा नंबर, खातं किंवा टाकी, आत, बाहेर. भोक म्हणजे एक, कोरी जागा म्हणजे शून्य. यंत्राला एवढंच कळे. पडलेलं भोक बुजत नाही, म्हणून जुन्या नोंदींत खाडाखोड नसायची. जे नवं, ते शेवटाला जोडायचं. महिनाअखेर ती गुंडाळी मुंबईच्या कंप्यूटरकडे जाई. शांतीला मात्र ती भोकं नुसत्या बोटाने चाचपून वाचता येत.

तिचा थोरला भाऊ भगवान त्याच कारखान्यात टाक्या धुवायचा. शिमगा झाल्यावर एके सकाळी तो कामावर गेला आणि परतलाच नाही. कारखान्याने सांगितलं, तो त्या दिवशी आलाच नव्हता. पोलिसांनी ‘बेपत्ता’ लिहून घेतलं. फाटकाच्या नोंदीत त्याचा नंबर नव्हता, म्हणून फितीवरही नव्हता. आणि ती फीत शांतीच्याच हातची होती. त्याच आठवड्यात तिसरी टाकी गळते म्हणून चुन्याने भरली आणि वर सिमेंट ओतलं.

गावात बोलणं सुरू झालं, की भगवान कुणा बाईच्या नादाने मुंबईला पळाला. त्याची बायको भामा ते ऐकून घ्यायची. सकाळी कुंकू लावताना तिचा हात आरशापाशी थबकायचा. विधवा म्हणवेना, आणि सवाष्ण म्हणावं तर माणूस समोर नाही.

एप्रिलात एका सकाळी शांती नवी नोंद जोडायला बसली आणि तिचं बोट अडलं. काल संध्याकाळी तिने जिथे फीत संपवली होती, त्याच्यापुढे एक ओळ होती. भगवानचा नंबर. तिसरी टाकी. आत.

बाहेरची नोंद नव्हती.

शांती घाबरट नव्हती. तिने यंत्र उघडलं, सुया पुसल्या, तेल घातलं. भोकांचे कपटे पडतात तो डबा पाहिला, तर तो काल रिकामा केला तसाच होता. फितीवरच्या त्या भोकांच्या कडा मात्र ओलसर होत्या आणि बोट चुरचुरत राहिलं.

हजेरीखात्याचे प्रमुख कर्णिकसाहेब. तिने त्यांना एवढंच सांगितलं, की शेवटी एक जादा ओळ आली आहे. त्यांनी कात्री घेतली आणि ती कापून टाकली. ओळीत काय आहे, हे तिने सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी ओळ पुन्हा आली. शांतीने फीत कपाटात ठेवून किल्ली घरी नेली, तरी आली. मग एकीच्या दोन झाल्या, पुढे वीतभर फीत त्याच ओळींनी भरू लागली. आत, आत, आत. कर्णिक रोज सकाळी स्वतः येऊन कापत. त्यांची कात्री आताशा सरळ चालत नसे.

अखेर तिने विचारलं, “साहेब, तिसरी टाकी फोडून बघाल?”

कर्णिकांनी कापलेला तुकडा चुरगाळून खिशात घातला. मग म्हणाले, “नोकरी चांगली आहे तुमची. तुमच्या गावात कुणाला मिळाली असती?”

ती जागेवर येऊन बसली. पडलेलं बुजवता येत नव्हतं. पुढे जोडता तेवढं येत होतं. दुपारी कर्णिक जेवायला गेल्यावर तिने यंत्र सुरू केलं आणि स्वतःच्या हाताने एक ओळ टाकली. भावाचा नंबर. तिसरी टाकी. बाहेर.

संध्याकाळी घरी आली तर भामा ओटीवर बसली होती. कपाळ धुतलेलं, हात मोकळे.

“तुजा दादूस येऊन गेला,” भामा म्हणाली. “दुपारी. भायेरच उबा व्हता. आत ये म्हनलं तर नाय म्हनला. सुटलू म्हनला आता.”

शांती तिच्याजवळ बसली. दोघींनाही रडू आलं नाही. रडण्याची वेळ लोकांनी केव्हाच नासवून टाकली होती.

सकाळी तिने फीत लावली. शेवटाला ओळ होती.

नंबर भगवानचा नव्हता. साहेब लोकांनाही नंबर असत. तिने पुन्हा चाचपून पाहिलं.

कर्णिकांचा नंबर. तिसरी टाकी. आत.

कर्णिक दारातच उभे होते, एका हातात चहाचा कप, दुसऱ्यात कात्री. “आज काही आहे?”

शांतीने त्यांच्याकडे नीट पाहिलं.

“काही नाही, साहेब.”

त्यांनी सुस्कारा सोडला. आत येऊन कात्री टेबलावर ठेवली आणि कितीतरी दिवसांनी हसले. शांतीने त्या ओळीपुढे आजची नोंद जोडायला घेतली.

कर्णिकांनी शर्टाचं वरचं बटण काढलं. मग त्याच्या खालचं. “पंखा लावा हो जरा,” ते म्हणाले. “खोलीत हवाच नाही.”

पंखा सकाळपासून भरभर फिरत होता.