अकरा मिनिटांची नोंद

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, मी कोणाच्या मागे लागणार नाही.

माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलं. ती थापा मारणाऱ्यांतली नाही. तिला साधं तिखटमीठ लावून बोलणंसुद्धा जमत नाही.

आणि रात्र-बित्र काही नव्हती. शनिवार होता. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. तिच्या स्वयंपाकघरात लख्ख ऊन होतं.

ताईचं काम सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहिण्याचं. कुठलं बटण दाबलं की काय होतं, ते दगडालाही कळेल असं लिहायचं. त्या महिन्यात तिच्याकडे एका बांधकाम कंपनीचं काम होतं. कुठल्या इमारतीचं काम कधी, किती वेळ आणि कशामुळे अडलं, याच्या जुन्या नोंदी शोधून देणारं सॉफ्टवेअर. जुनी सगळी रजिस्टरं त्यात भरली होती. पुस्तक सोमवारी द्यायचं होतं.

पुस्तकात दाखवायला एक खरी नोंद हवी होती. म्हणून गुरुवारी तिने स्वतःच्याच इमारतीचा नंबर टाकला. तिचे बाबा, म्हणजे माझे काका, त्याच कंपनीत साइट सुपरवायझर होते. ती इमारत त्यांच्या देखरेखीखाली उभी राहिली. तळमजल्याचा फ्लॅट त्यांनीच घेतला.

नोंदी आल्या. पाऊस. सिमेंट आलं नाही. क्रेन बिघडली.

आणि मग...

काम बंद, ११ मिनिटं. दुपारी २.१० ते २.२१.

कारण... रिकामं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. इमारत बांधून झाली, लोक राहायला आले, तरी नोंदी चालूच. रोज अकरा मिनिटं. बावीस वर्षं.

शेवटची नोंद... आदल्या दिवशीची.

प्रत्येक नोंदीखाली ती करणाऱ्याचा कोड येतो; ताईलाही या कामापुरता एक मिळाला होता. इथे कोड काकांचा होता. काका निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती.

तिने ऑफिसातल्या प्रोग्रामरला विचारलं. त्याला सगळे गुरुजी म्हणतात, कारण पाणी मागितलं तरी आधी प्रवचन मिळतं.

"कारण भरल्याशिवाय नोंद सेव्हच होत नाही," गुरुजी म्हणाला.

"मग या कशा झाल्या?"

या वेळी प्रवचन आलं नाही. तो एवढंच म्हणाला, "चाचणीचा कचरा असेल. उडवून टाक."

तिने उडवल्या.

शनिवारी सकाळी घरी लॅपटॉप उघडला, तर सगळ्या परत आल्या होत्या. शुक्रवारचीही होती.

दुसरं कोणी असतं तर पाचावर धारण बसली असती. पण मावशी गेल्यापासून ताईला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. आई गेली तेव्हा तिला रडूसुद्धा आलं नव्हतं. जेवायची, झोपायची, काम करायची. तेवढंच.

एक मात्र तिच्या लक्षात आलं. नोकरीत होते तेव्हाही काका दुपारी जेवायला घरी यायचे, आणि रोज जेवण झालं की स्वयंपाकघरातल्या खांबाला कान लावून बसायचे. मावशी हसायची. म्हणायची, "लागला यांचा रेडिओ." आम्हीही हसायचो. कोणीच कधी घड्याळ पाहिलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर ताईने लॅपटॉप काकांसमोर ठेवला.

त्यांनी वाचलं. "कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही. नोंद आहे."

काका खांबाकडे बघत बोलू लागले. भाजीचा भाव सांगावा तसा आवाज होता.

"या खांबाच्या पायाचा खड्डा खणला होता. एक माणूस गाळ काढायला खाली उतरला. बाजूची माती बसली त्याच्यावर."

"गेला?"

"सळई वाजत होती... तीन ठोके. मग गप्प. मग परत तीन. मी सगळी मशिनं बंद करायला लावली."

"मग काढलं ना त्याला?"

"साहेबांना फोन केला. म्हणाले, काढेपर्यंत तो जगतोय होय? काँक्रीटच्या गाड्या उभ्या आहेत. दहा मिनिटांच्या वर जाऊ देऊ नकोस, लिहावं लागेल."

कंपनीचा तसा नियमच होता. दहा मिनिटांपर्यंतचा खोळंबा लिहायचा नाही. त्याच्या वर गेला तर रजिस्टरात नोंदवायचा.

"मी अकरा थांबलो," काका म्हणाले. "एक मिनिट जास्त थांबलो मी."

ताई म्हणते, ते तिच्याकडे असे बघत होते, जणू तिने शाबासकी द्यावी.

"त्याचं नाव काय होतं?"

"त्याच दिवशी कामावर आला होता. हजेरीत नाव चढवायचं राहिलं होतं."

"आणि ठोके? ते थांबले होते का, बाबा?"

"मशिनं सुरू झाल्यावर ऐकू कसे येणार?"

एवढं बोलून काका आत गेले आणि पलंगावर आडवे झाले. क्षणात घोरायला लागले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते खांबाशी बसले नाहीत.

दोन वाजून दहा मिनिटं.

ठक... ठक... ठक...

ताईला आधी वाटलं, वरच्या मजल्यावर कोणी खिळा ठोकतंय.

पण आवाज वरून येत नव्हता.

तिने खांबाला कान लावला. खांब गार होता. खूप खालून...

ठक... ठक... ठक...

कोणाला बोलवावं, हा विचार तिच्या मनात आला. अग्निशमन दलाला? काय सांगायचं? बावीस वर्षांपूर्वीचा माणूस बाहेर काढा?

ती तशीच बसून राहिली. ठोके थांबतील म्हणून वाट पाहिली. भीती वाटली नाही, दयासुद्धा आली नाही, असं ती म्हणते. फक्त कान गार पडला.

दोन एकवीस झाले. ठोके चालूच होते.

ती उठली. सोमवारी पुस्तक द्यायचं होतं.

संध्याकाळी तिने सॉफ्टवेअर उघडलं. शनिवारची नोंद आलेली होती. काम बंद, ११ मिनिटं. कारण रिकामं.

फक्त या वेळी... कोड तिचा होता.

काका आता दुपारचे गाढ झोपतात. चेहरा भरलाय त्यांचा. मागच्या महिन्यात मी दुपारचा तिकडे गेलो होतो. ताई जेवता जेवता अर्ध्या ताटावरून उठली आणि खांबाशी जाऊन बसली. मला काहीच ऐकू आलं नाही. निदान मी स्वतःला तसं बजावत असतो.

परत येऊन ती जेवायला बसली, तेव्हा मला राहवलं नाही.

"थांबतात का गं ते ठोके?"

"नाही."

"मग तू काय करतेस?"

तिने गार झालेला भात कालवला.

"काय करणार? कामं पडलेली असतात. उठते."