उजवी पाकळी

मुलाचं बारावं आटोपलं, सुतक फिटलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कृष्णनाथ गुरव परडी घेऊन देवळामागे पिटकोळीची फुलं खुडायला गेला. डिचोलीपासून आत, खाणींच्या पट्ट्यातलं हे गाव. इथे लग्न ठरो, आजार येवो, हरवलेलं माणूस असो, लोक आधी देवाला कौल लावत. गुरवाने दोन पाकळ्या पाण्यात बुडवायच्या, देवाच्या अंगावर एक उजवीकडे आणि एक डावीकडे चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट पाहायची. उजवी आधी गळली तर होय, डावी गळली तर नाही.

देव बरा की वाईट, हा घोळ कृष्णनाथने तरुणपणीच निकालात काढला होता. खाण कोसळली तेव्हा देव बघत बसला, तापाच्या साथीत पोरं गेली तेव्हाही बघत बसला. हा ना तारतो ना मारतो, मग त्याच्या नावाने माणसाने चार गोड शब्द बोलले तर कुणाचं काय बिघडतं? म्हणून दुःखी माणूस समोर बसला की तो उजव्या पाकळीला पाणी जरा कमी लावी. ती आधी सुके आणि आधी गळे. रडत आलेली माणसं हसत घरी जात, आणि आपण देवापेक्षा दयाळू आहोत असं त्याला मनोमन वाटे. माणसाने स्वतःला दयाळू समजण्यासारखी दुसरी नशा नाही.

तीन आठवड्यांपूर्वी त्याची सून मनीषा अशीच समोर बसली होती. रुद्रेशचा ट्रक उलटला होता, तो हॉस्पिटलात बेशुद्ध पडला होता. "घरी येतले मा, बाबा?" तिने विचारलं होतं. कृष्णनाथने तेव्हाही सवय मोडली नाही. उजवी गळली. आठवड्याने रुद्रेशला गाडीतून आणलं ते पांढऱ्या कापडात गुंडाळून, आणि चितेला अग्नी बापानेच दिला.

"गुरवानु..."

कृष्णनाथने मागे पाहिलं. वत्सला उभी होती. मूळची बांद्याकडची, नवरा गोकुळदास खाणीवर मजूर. अकरा वर्षांपूर्वी पाण्याने भरलेल्या खाणीच्या खड्ड्यात तो दरडीसकट गेला, आणि त्याचं प्रेतसुद्धा हाती लागलं नाही. तिलाही कृष्णनाथने उजवी दिली होती. तेव्हापासून ती रोज तिन्हीसांजेला पेज झाकून ठेवते, हे गावाला ठाऊक होतं. आज तिच्या हातात नारळ होता आणि अंगाला साचल्या पाण्याचा, गंजल्या लोखंडासारखा वास येत होता.

"नवस फेडूचो आसा. घोव इलो माझो."

"गोकुळदास? काय बोलतंस गो?"

"काल तिनसांजेक इलो. मागल्या दारान. पेज जेवलो." ती लाजून हसली. "सगळी रात्र त्याचे केस पिळतंय, पण सुकनत नाय... तुमीच सांगितलात मा, येतलो म्हणान? देवाचो शब्द खोटो कसो जातलो?"

तिच्या बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती. कृष्णनाथने परडी छातीशी धरली.

तो तसाच गाभाऱ्यात शिरला आणि त्याने दार लावून घेतलं. आत समईचा धूर कोंडला होता. दोन्ही पाकळ्यांना सारखं पाणी लावून त्याने त्या चिकटवल्या.

"देवा... मी लोकांक फसयलंय. शब्द माझो होतो, तुझो न्हय. मोडून टाक."

बोट मागे घेण्याआधीच डावी गळली.

जन्मभर ज्याला तो मुका समजत आला, तो ऐकत होता. प्रत्येक वेळी ऐकत होता. त्याने नव्या पाकळ्या लावल्या आणि जे कुणी गुरवाने कधी विचारलं नसेल ते विचारलं.

"तू देवच मा रे...?"

दोन्ही पाकळ्या एकदमच गळल्या. ह्याचा अर्थ काय, ते त्याच्या बापाने त्याला शिकवलं नव्हतं.

तो घराकडे पळत सुटला. पायऱ्यांवर राखेची पावलं उमटली होती, आत जाणारी. त्याने बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. राख तापलेली होती.

मनीषा स्वयंपाकघरातून बाहेर आली. बारा दिवस कोपऱ्यात पडून असलेल्या त्या पोरीने कुंकू लावलं होतं.

"हळू बोला, बाबा. दमून इले आसत. नुसतां पाणी मागतत, दोन कळशे संपले. वायच विहिरीचां काढून आणा."

कृष्णनाथला पळून जावंसं वाटलं. पण आत तहानलेलं होतं ते त्याचं लेकरू होतं, आणि बापाचे पाय विहिरीकडेच वळले. कळशी भरून तो मधल्या खोलीच्या दाराशी आला. खोलीत उजेड नव्हता. त्याने तांब्या भरून आत धरला, कुणीतरी तो घेतला, आणि तापल्या तव्यावर पाणी पडावं तसा चर्र आवाज झाला.

"बाबा..." आवाज रुद्रेशचाच होता, लहानपणी तापात हाक मारायचा तसा. "तुमी आग दिलात, तेव्हा मी जागोच होतंय."