दोन फर्म्यांमधलं पाणी

ग्रंथालयाच्या बाई पुस्तक घेऊन आल्या तेव्हा बाइंडर खळ शिजवत होता. कादंबरी जुनी, गाजलेली, आणि वाचून वाचून पार खिळखिळी झालेली. टाके उसवून तिचे फर्मे, म्हणजे एकत्र दुमडून शिवायच्या पानांचे गठ्ठे, हातात सुटे येत होते.

“एवढं आहे तरी काय हिच्यात?” बाइंडरच्या बायकोनं विचारलं. दुकानात शिवण तिची, कापणं-चिकटवणं त्याचं, आणि चौकशांचा मक्ता सर्वस्वी तिचा.

“एक तरुण रोज संध्याकाळी तळ्याकाठी बसून पलीकडच्या खिडकीतला दिवा बघतो,” बाई म्हणाल्या. “तिथं पोचायचं स्वप्न. शेवटपर्यंत पोचत नाही.”

“का पण?”

“अहो, तो दिवा म्हणजे माणसाची ओढ. हाताला लागली तर ओढ कसली? तो पोचला असता तर ही कादंबरी कोणी वाचलीही नसती.”

बायकोला हे काडीचं पटलं नाही. दुकान घरातच होतं. त्यांच्याही घरामागे तळंच होतं आणि मागच्या खिडकीत तीही रोज दिवा लावायची. मुलगा बापाशी भांडून होडीनं पलीकडे गेला, तो परतलाच नव्हता. लहानपणी झाडावरून पडल्यापासून त्याचा डावा पाय फरफटायचा. “अंधारात ठेचकाळेल,” एवढंच ती म्हणायची. तो विषय निघाला की बाइंडर खळ ढवळायला उठायचा.

शिवायला घेतलेलं पुस्तक वाचायचं नाही, हा त्याच्या उस्तादाचा दंडक. वाचलं की हात थांबतो. बायकोनं तो दंडक कधीच धाब्यावर बसवला होता. तिनं कादंबरी अथपासून इतिपर्यंत वाचली. एक फर्मा संपत होता तो ‘त्यानं होडी पाण्यात ढकलली’ या वाक्यावर. पुढच्यात धुकं, आणि होडी माघारी. पण बऱ्याच नंतरचा एक फर्मा सुरू होत होता, ‘त्यानं दार ठोठावलं.’ तिथं बिचारा हरून स्वतःच्याच घरी परतलेला.

तिनं इकडंतिकडं पाहिलं, आणि ते दोन फर्मे एकापुढं एक ठेवून शिवून टाकले. “पोच बाबा एकदाचा,” असं पुटपुटत तिनं गाठ मारली.

दिवेलागणीला मागच्या बाजूनं वल्ह्याचा आवाज आला. मग शेवाळाचा, कुजक्या लाकडाचा वास मागच्या दाराच्या फटीतून आत शिरला.

ठक. ठक.

“या वेळी कोण...?” बाइंडरनं बायकोकडं बघितलं. तिचा चेहरा बघून त्यानं पुस्तक उचललं. पानांचे आकडे मध्येच उडी मारत होते. “अगं... काय केलंस हे?”

“पोचू दिलं त्याला.”

ठक. ठक.

बाइंडर मनातून टरकला. बाहेर जो कोणी होता तो पिढ्यान्‌पिढ्या एका दिव्याकडं बघत बसलेला होता. अशा माणसाला घरात घेऊन द्यायचं तरी काय?

“उघडू...?” तिचा हात कडीवर होता.

“नको! हात लावू नकोस...”

त्यानं कात्रीनं दोरा कापला. फर्मे जागच्या जागी लावले आणि शिवायला बसला. बाहेर ठोठावणं चालूच. त्यानं शेवटची गाठ आवळली, तशी थाप अर्ध्यात थांबली. वल्ह्याचा आवाज लांब लांब गेला.

बायकोनं दाराला लावलेला कान काढला.

“तुम्ही शिवत होतात ना... तेव्हा तो हळूच ‘आई’ म्हणाला.”

“पुस्तकातलंच काहीतरी असेल.”

“पुस्तकात त्याला आई नाहीच. मी सगळं वाचलंय.”

बाइंडरनं दार उघडलं. पायरीवर ओली पावलं होती. उजवं स्वच्छ उमटलेलं. डाव्याचा नुसता फराटा.

त्यानं उकिडवं बसून त्या फराट्यावरून बोट फिरवलं. मग आत आला, कात्री उचलली आणि नुकताच घातलेला दोरा कापायला लागला.

बाई पुस्तक न्यायला येतात, तेव्हा तो खळ वाळायची आहे म्हणून सांगतो. रोज संध्याकाळी तेच दोन फर्मे एकापुढं एक शिवतो आणि दार सताड उघडं टाकून दोघं बसतात. कोणी येत नाही. फक्त सकाळी दिव्याखालची फरशी ओली असते. पावलं दारातून खिडकीपर्यंत येतात, आतल्या बाजूनं, आणि परत फिरलेलं एकही दिसत नाही.