विंचरलेलं पाणी

डल्सी हेकॉकने गळाला लावायचा पाव रात्रीच भिजवून ठेवला होता. पहाटे उठून तिने तो फडक्यात घट्ट पिळला, चमचाभर मध घातला आणि कणकेसारखा मळायला घेतला. हातांना साबण लावलाच नाही. साबणाचा वास माशाला लांबून लागतो, असं तिचे बाबा म्हणायचे, आणि बाबांचं हे एक म्हणणं तिने जन्मभर पाळलं होतं. तिचा थोरला भाऊ नेव्हिल स्वयंपाकघराच्या दारात कोट चढवत उभा होता.

"या वयात पहाटे उठून चिखलात बसायचं," तो म्हणाला. "लोक काय म्हणतील?"

"लोक झोपलेत. थर्मास घे."

"चहात साखर घातलीस?"

"डॉक्टर नको म्हणालाय."

"डॉक्टर येणार आहे का तळ्यावर?"

डल्सीने मुकाट्याने दोन चमचे साखर घातली. आज त्याला गोडीगुलाबीने न्यायचं होतं, कारण तिच्या मनात निराळंच काम होतं.

आई वसंतात गेली, नव्वदी ओलांडून. जाताना सांगून गेली होती, माझ्या थडग्याच्या दगडावर अर्धी जागा विल्फसाठी, तुमच्या बाबांसाठी ठेवा. दगड बसला, आईचं नाव कोरून झालं, आणि खालची अर्धी जागा तशीच कोरी राहिली. नेव्हिल ऐकायला तयार नव्हता. "आपल्याला टाकून पळून गेलेल्या माणसाचं नाव आईच्या डोक्याशी? माझ्या अंगात जीव आहे तोवर नाही." एवढं बोलून तो पेपर तोंडासमोर धरायचा. डल्सीचा जीव तुटायचा. वडील पळून गेले, ही गोष्ट तिला नऊ वर्षांची असल्यापासून घशाखाली उतरली नव्हती.

झालं होतं ते असं. त्यांच्याकडे मासे विणीला असतात तेव्हा गळ टाकत नाहीत. सोळा जूनला हंगाम उघडतो आणि गळवाली माणसं त्या पहाटेची लहान पोरांसारखी वाट बघतात. त्या वर्षी आदल्या संध्याकाळी विल्फ हेकॉक 'जरा चक्कर मारून येतो' म्हणून सायकलवर निघाला आणि परत आला नाही. सायकल सापडली स्टेशनवर. त्याच्या गळाच्या बांबूच्या काठ्या मात्र घरात खुंटीवर जिथल्या तिथे. झालं, गावाने तिथेच निकाल लावला. विल्फ हेकॉक आणि काठीशिवाय पाण्यावर गेला? शक्यच नाही. म्हणजे तो गाडीने गेला, आणि गाडीने गेला म्हणजे कुणा बाईकडे गेला. पाण्यात बघावं असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. सगळी गळवाली माणसं, काठी घरात म्हणजे माणूस पाण्यावर नाही, एवढंच त्यांना कळायचं.

बाबा जिथे गळ टाकायचे ते वीटभट्टीचं जुनं तळं आता बुजवणार होते. सोमवारी राडारोड्याचे ट्रक यायचे होते, मग वर घरं. डल्सी म्हणाली होती, शेवटचं एकदा जाऊ, लहानपणच्या जागा बघून घेऊ. पाण्याशी बसल्यावर नेव्हिलला त्याचे बाबा आठवतील, मग तो विरघळेल, एवढाच तिचा हिशेब होता.

ती दोघं पोचली तेव्हा नुकतं फटफटत होतं. श्रॉपशरमधली जूनची पहाट, धुकं पाण्याला चिकटून बसलेलं. भट्टीची पडकी चिमणी अर्धीच दिसत होती. पक्षी बोलत होते ते सगळे मागच्या शेतात. तळ्याच्या अंगाला एकही नाही. डल्सीला ते खटकलं. ओल्या मातीचा वास येत होता, आणि त्यात आणखी एक वास, काळ्या, तळाच्या चिखलाचा. तळाशी कुणी हात घातल्याशिवाय तो वास वर येत नाही.

"आपल्याआधी कुणीतरी येऊन गेलंय," नेव्हिल हळूच म्हणाला.

वाकड्या झाडाखाली, जिथे बाबा बसायचे बरोबर तिथे, काठावर शेवाळाचा ढीग पडला होता. ताजा. त्यातून पाणी निथळत होतं. आणि समोरच्या शेवाळात न्हाणीघराएवढी जागा स्वच्छ मोकळी केलेली. याला गळवाले पाणी विंचरणं म्हणत. दोन लोखंडी दाताळी पाठीला पाठ लावून बांधायची, दोराने पाण्यात भिरकवायची आणि तळ ओरबाडत ओढायची. गढूळ झालेल्या तळातले किडे खायला टेंच मासे येतात, हिरवे, बुळबुळीत, लाल डोळ्यांचे. आता हे कुणी करत नाही. आता दुकानातून आमिषाचे डबे आणतात.

"मग ती जागा त्याची," नेव्हिल म्हणाला. "आपण इकडे बसू."

डल्सीने मान डोलावली. दुसऱ्याने विंचरलेल्या पाण्यात आपला गळ टाकायचा नाही, हे दोघांच्या रक्तातच होतं. पण तिची नजर ढिगावरून हटेना. ढीग वर, कोरड्यात ओढून टाकला नव्हता. अगदी पाण्याच्या कडेला लावला होता, एक टोक पाण्यात ठेवून. आत अडकलेल्या बारक्या जिवांना आपापलं घरी जाता यावं म्हणून. असं करणारा माणूस तिने आयुष्यात एकच पाहिला होता.

नेव्हिलनेही ढिगाकडे पाहिलं. मग तो खाली बघून, गळाच्या दोरीवर तरंगायला लावतात त्या साळिंदराच्या काट्याला दोरा बांधत बसला.

काटे पाण्यावर उभे राहिले. चहा झाला. मासा काही हलेना. आणि मग ते तिला सुचलं, इतकं अचानक की कप हिंदकळला.

"नेव्ह..."

"काय?"

"पाणी विंचरायला... काठी लागत नाही."

तो तिच्याकडे वळला.

"आदली संध्याकाळ होती रे. हंगाम दुसऱ्या दिवशी उघडणार होता. ते गळ टाकायला निघालेच नव्हते. दाताळं ते इथेच भट्टीत लपवून ठेवायचे, मला माहीत होतं. मला माहीत होतं, आणि मला कुणी विचारलंच नाही."

नेव्हिलचा चेहरा पडला. त्याने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात वाकड्या झाडाच्या बाजूने धप्प असा आवाज आला.

काहीतरी जड पाण्यात पडलं होतं. थोडा वेळ शांतता. मग दोर काठावर घासत जावा तसा आवाज, सावकाश, हात थांबून थांबून ओढतोय असा. मोकळ्या पाण्यात बुडबुडे आले. शेवाळाचा एक मोठा लोळ तळातून सुटला आणि कुणीही ओढत नसताना काठाकडे निघाला. झाडाखाली धुकं होतं. माणूस नव्हता.

नेव्हिल उठला. इतकी वर्षं जो त्या माणसाचं नाव काढू देत नव्हता, तो आता, पाण्याजवळ मोठ्याने बोलायचं नाही म्हणून, कुजबुजत होता. "बाबा... बाबा, मी नेव्ह..."

"तिकडे जाऊ नकोस. नेव्ह, कड पोखरलीय तिथली..."

तो ऐकतोय कुठे. तो ढिगाशी पोचला, एक पाय पुढे टाकला, आणि काठाचा भला थोरला तुकडा त्याच्यासकट खाली गेला. भट्टीवाल्यांनी तिथून भिंतीसारखी सरळ माती काढली होती. काठालाच पुरुषभर खोल पाणी. डल्सी मासा उचलायच्या जाळ्याचा लांब दांडा घेऊन धावली आणि पालथी पडून तो पाण्यात खुपसला. नेव्हिलचं डोकं वर आलं, खाली गेलं. पुन्हा आलं. त्याने दांडा धरला, पण कुणी खालून खेचावं तसा तो परत गेला, आणि दांड्यासोबत डल्सीही कोपरापर्यंत पाण्यात गेली.

"सोडू नकोस," ती म्हणत होती. "माझ्या राजा, सोडू नकोस."

मग एकाएकी तो हलका झाला. इतका हलका की डल्सी, जिला कोळशाची बादली दोन हातांनी उचलावी लागे, तिने त्या धिप्पाड म्हाताऱ्याला काठावर ओढून घेतलं. तो चिखलात पडून ओकत होता, आणि ती त्याच्या पाठीवर हात फिरवत रडत होती. समोरचं पाणी निवळलं होतं.

पोलीस आले, पाणबुडे आले. पोखरलेल्या काठाखाली, वीटभट्टीच्या माती वाहायच्या बुडालेल्या गाडीत दाताळं अडकलेलं मिळालं, आणि तिथेच विल्फ हेकॉक. कमरेच्या पट्ट्याच्या बकलावरून डल्सीने ओळखलं. सायकल कुणा लफंग्याने उचलून स्टेशनपर्यंत दामटली असणार. ते काही आता कळायचं नव्हतं. पळून गेलेला माणूस घरापासून हाकेच्या अंतरावर पडून होता, आणि त्याची बायको रोज संध्याकाळी त्याच तळ्यावरच्या वाटेने दूध आणायला जायची. डल्सीला हे सोसवेना.

पण पाणबुड्यांनी आणखी काही वर आणलं. दुसरी हाडं, लहान. पाच-सहा वर्षांच्या मुलाची असतील, डॉक्टर म्हणाला, आणि विल्फच्या हाडांपेक्षा बरीच जुनी. आसपासच्या कुठल्याही गावात कधी मूल हरवल्याची नोंद नव्हती. वर आणताना मोठ्या हाताची बोटं आणि लहान हाताची बोटं एकमेकांत इतकी गुंतली होती की वेगळी करता आली नाहीत. शेवटी एकाच पेटीत ठेवली.

दगडावर नाव कोरलं गेलं. नेव्हिलने स्वतः कारागिराला गाठलं, अक्षरं आईच्या अक्षरांएवढीच हवीत म्हणून त्याच्याशी वाद घातला. आणि नावाखाली आणखी एक ओळ घालायला लावली: 'आणि एक मूल'. पाद्री कुरकुरला, कुणाचं, कुठलं, बाप्तिस्मा झालेलं की नाही. नेव्हिल दगडासारखा बसून राहिला आणि ओळ कोरली गेली.

फुलं ठेवून झाल्यावर डल्सीने विचारलं, "ज्या मुलाचं नाव माहीत नाही, त्यासाठी एवढं भांडलास?"

त्याने टोपी हातात फिरवली.

"मी खाली गेलो ना, तेव्हा माझा घोटा कुणीतरी धरला होता," तो म्हणाला. "छोटा हात होता, डल्सी. गार. बुडवायला ओढत नव्हता... पण सोडतही नव्हता. एकटं पोर अंधारात धरतं तसं धरलं होतं."

"मग?"

"मग दुसरा हात आला. खरखरीत. मला लगेच कळलं कुणाचा. त्यांनी ती बोटं सोडवली माझ्या पायावरून. हळूहळू, एकेक करून, न दुखवता..." त्याचा आवाज फाटला. "आणि मग ती आपल्या हातात घेतली."