पुढची मोड सांग

मार्चमध्ये बपेऱ्याच्या तलावाचं पाणी मागे सरलं की काठची जमीन टणक होते, आणि धानाचे व्यापारी भैय्यालाल यांची मुलगी रेणू तिथे आपली सेकंडहँड गाडी भन्नाट फिरवते, हे एव्हाना गावाच्या अंगवळणी पडलं होतं. आधी लोकांनी नावं ठेवली, मग कंटाळले. पोरीला रेसिंग ड्रायव्हरच व्हायचं, तर बोलून बोलून बोलणार किती?

त्या दिवशी मात्र तिचं वळण जरा जास्तच रुंद गेलं आणि मागची चाकं ओल्या चिखलात रुतली. रेणूने हेल्मेट काढलं. गुडघाभर पाण्यात एक तरुण जाळं घेऊन उभा होता.

"ओ भाऊ, जरा धक्का देता का?"

त्याने वळून पाहिलं... आणि ओठांवर बोट ठेवलं.

रेणूला असं गप्प करणारा आजवर कुणी भेटला नव्हता. राग यायला हवा होता, पण तिला कुतूहलच जास्त वाटलं. तो श्वास रोखून थांबला, जाळं गोल उघडत पाण्यावर पडलं, त्याने ते सावकाश ओढलं, मासे टोपलीत टाकले आणि मगच तो आला. काठावरची बेशरमची झुडपं तोडून त्याने चाकांखाली घातली.

"एक विचारू का, मॅडम?" गाडी निघाल्यावर तो म्हणाला. "एवढी गोल गोल फिरून तुमी पोचता कुठं?"

"अजून कुठंच नाही," म्हणताना तिलाच हसू आलं. "अन् मॅडम कायले म्हणतो? रेणू म्हण."

त्याचं नाव लिलाधर. बारावी करून तो वडिलांबरोबर मासेमारीत उतरला होता. रेणूची पहिली रॅली एप्रिलमध्ये नागपूरजवळ होती, आणि रॅलीत ड्रायव्हरशेजारी नॅव्हिगेटर लागतो. आधी लिहून घेतलेली वळणं त्याने पळत्या गाडीत वाचून दाखवायची, म्हणजे न दिसणारा रस्ताही ड्रायव्हरला कळतो. तिचा चुलतभाऊ गोलू हौसेने बसला, पण त्याला उलट्या सुरू झाल्या आणि तो पुन्हा गाडीकडे फिरकला नाही. नॅव्हिगेटर नाही तर रॅलीही नाही.

"तुले गाडी लागते का?" रेणूने विचारलं.

"बसलोच कुठं आजवर, लागाले?"

तो बसला, आणि त्याला गाडी लागली नाही. आंबागड किल्ल्याच्या पायथ्याच्या कच्च्या रस्त्यावर सराव सुरू झाला. अंघोळ करून, भांग पाडून तो वेळेवर हजर व्हायचा, काही न बोलता तिच्या हेल्मेटची काच पुसून द्यायचा. वाचायचाही छान, अगदी शांत आवाजात. "डावी मोड, सोपी... पुढं खड्डा... मंग उजवी." रेणूला तो आवाज आवडू लागला होता. एवढा आवडू लागला होता, की घरी जेवतानाही तो कानात असायचा.

आणि मग एके दिवशी सगळ्यात अवघड वळणावर शेजारून आवाजच येईना. गाडी सरळ कुणाच्या तरी धानाच्या बांधीत घुसली आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, चढून बसली.

"काहून चूप बसला?" रेणू ओरडली.

"सवय आहे..." लिलाधर खाली पाहत म्हणाला. "जाळं फेकाच्या टायमाले आमी बोलत नाही. बोललं की मासा पळते."

"मी मासा आहे का?"

त्याने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "नाही," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

तेव्हापासून रेणूला एकच कोडं पडलं. हा माणूस गप्प होतो तेव्हा त्याच्या मनात असतं तरी काय? विचारावं म्हटलं, तर तिचीच जीभ अडखळे.

रॅलीत शेवटच्या टप्प्यावर ओढ्यावरचा एक रपटा, बिनकठड्याचा बुटका पूल, होता आणि त्याच्या अलीकडे वाईट वळण. लिलाधरने श्वास रोखला. "मी मासा नाही!" रेणू म्हणाली, आणि त्याच्या तोंडून शब्द धडाधड सुटले. त्यांच्या गटात ते तिसरे आले.

आठवड्याने पुण्याच्या एका टीमचा फोन आला. वर्षभराचं ट्रेनिंग, गाडी त्यांची, नॅव्हिगेटरही त्यांचाच. भैय्यालाल यांनी गावात पेढे वाटले. लिलाधर "चांगलं झालं" म्हणाला आणि त्यानंतर मुका झाला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी रेणूने त्याला वाटेत गाठलं. "बस, घरी सोडतो तुले."

आयुष्यात पहिल्यांदा ती एवढी हळू गाडी चालवत होती. एक सायकलवाला त्यांच्या पुढे निघून गेला.

"काहीच बोलाचं नाही का?" शेवटी तिनेच विचारलं.

"बोललो... अन् तू थांबली तर?"

"मी कोणाच्या बोलण्यानं थांबत नसतो, लिलाधर. ब्रेक माझ्या पायाखाली आहे." तिने गाडी आणखी हळू केली. "मी जाणार आहे म्हणजे आहेच. पण तुह्या मनात काय आहे, ते माहीत नसताना गेली, तर तिथं माझं ध्यान लागणार नाही."

जाळं फेकताना रोखायचा तसा त्याने श्वास रोखला. आतमध्ये काहीतरी घट्ट धरून ठेवल्यासारखा. मग त्याने श्वास सोडला.

"मले तू आवडते," तो म्हणाला. "त्या चिखलापासून आवडते. तुह्या बाजूले दुसरा कोणी बसून बोलणार, हे मले सहन होऊन नाही राहिलं. अन् तू जावंच, हे बी तेवढंच खरं आहे."

रेणूचे डोळे भरून आले, आणि तरीही तिला हसू आवरेना. किती सुखी होतं मन त्या क्षणी, आणि किती अडकलेलं.

"मले बी तूच आवडतो," ती म्हणाली. "वर्षानं येईन. तोवर काय करशील?"

"बोलाची प्रॅक्टिस."

"मग आतापासूनच कर."

गाडी पुढे चालत राहिली.

"रेणू... माह्या घराची मोड गेली."

"दिसली मले," ती म्हणाली. "तू बोलत राह."