मधला थर

पादत्राणे दुरुस्तीचा व्यवसाय मी एकोणीस वर्षे करीत आहे. या व्यवसायात डोळ्यांपेक्षा अंगठ्याला अधिक ज्ञान असते. डोंगर चालण्याच्या बुटात वरचे चामडे आणि खालचे रबर यांच्यामध्ये फोमचा एक थर असतो. बूट वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिले, की चामडे टवटवीत दिसते, रबर शाबूत राहते, परंतु मधला थर आतून भुसभुशीत होतो. अशा वेळी अंगठ्याने दाबावे. खळगा भरून आला तर बूट जिवंत. ठसा तसाच राहिला तर मेलेला.

धाकट्या भावाचे बूट सात वर्षे कपाटात होते. त्याच्या पायाला चक्र असल्यामुळे आई त्याला भिंगरी म्हणत असे. परदेशातील एका डोंगररांगेवरून तीन महिने पायी चालण्याचे त्याने ठरविले, तेव्हा आई अंथरुणाला खिळून पाच महिने झाले होते. तिला उठविणे, बसविणे, भरविणे, सर्व माझ्याकडे होते. दुकानामागचीच तिची खोली.

त्याने बूट फळीवर आपटले. "दादा, नवे सोल लाव. आणि तोंड सरळ कर, मी काही लढाईवर चाललो नाही."

"आईचं कोण बघणार?"

"तू आहेस की! तुझ्यासारखं मला जमतं का?"

ही त्याची जुनी युक्ती. स्तुती करावी आणि ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवावे.

तो गेल्यावर मी दोन्ही बूट दाबून पाहिले. उजवा उत्तम होता. डाव्यात अंगठा रुतला आणि ठसा राहिला. मी मनाशी म्हटले, आठवडाभरात तळ निखळेल, चालणे थांबेल आणि स्वारी निमूटपणे घरी परतेल. याहून अधिक वाईट माझ्या मनात काही नव्हते. त्या मेलेल्या थरावर मी नवे कोरे रबर चिकटविले आणि कडा घासून चकचकीत केल्या.

निघताना त्याने विचारले, "दाबून पाहिलंस ना?"

"पाहिलं," मी म्हणालो. शब्दशः ते सत्य होते.

बाराव्या दिवशी तिकडच्या बचावपथकाचा निरोप आला. सुट्या दगडांच्या उतारावर डावा बूट सापडला होता. माणूस सापडला नव्हता. पुढे पार्सलने बूट आला; त्याला तळ नव्हता.

आईने पार्सल पाहिले. मला खोटे बोलावे लागले. "भिंगरीनं दुरुस्तीला पाठवलाय."

"मग बसलास काय? एका पायानं अनवाणी आहे पोर तिकडे!"

मी कुजका थर खरवडून काढला, उत्तम प्रतीचा नवा बसविला, रबर लावले आणि बूट फळीवर ठेवला. याला प्रायश्चित्त म्हणावे की ढोंग, मला ठाऊक नाही.

महिन्याने धूळ पुसताना बूट उलटा केला. तळ झिजून गुळगुळीत झाला होता. विशेषतः टाचेची बाहेरची कड. लहानपणी घोटा मोडल्यापासून माझा भाऊ त्याच कडेवर भार देऊन चालत असे. दुकानाची किल्ली माझ्या एकट्याकडे असते. उंदीर रबर कुरतडतो, झिजवीत नाही. मी पुष्कळ विचार केला आणि अखेर नवा तळ लावला. काढलेला झिजका तळ आईच्या नजरेस पडला.

"किती चाललाय रे तो?" आईने विचारले.

"आठशे किलोमीटर तरी."

"मग येतोय."

पुढल्या प्रत्येक महिन्यात हेच घडले. पहिल्या तळाला करडी दगडी भुकटी चिकटली होती. नंतर वाळू. नंतर डांबर. पाचव्या तळात एक पितळी चूक, म्हणजे बारीक खिळा, रुतलेली आढळली. तशा चुका माझ्याच दुकानाच्या पायरीवर सांडलेल्या असतात.

आईला हे सांगितले नाही. तरी ती म्हणाली, "आला की आधी जेवू घाल त्याला. मग काय सांगायचं ते सांग."

"मी काय सांगणार?"

तिने भिंतीकडे तोंड फिरविले. "त्या दिवशी त्याच्याशी जास्त न भांडता काम केलंस. जन्मात पहिल्यांदा. आईला कळत नाही होय रे?"

महिन्यापूर्वी मी सहावा तळ लावला.

आज सकाळी बूट उलटा केला. तळ कोरा होता. एक रेघही नव्हती.

चालणे संपले होते.

"कोण आलंय रे दुकानात?" आईने आतून विचारले.

"कोणी नाही."

मी बूट आडवा धरला. मधल्या थरावर अंगठ्याचा ठसा होता. थर नवा आहे, खळगा भरून यावयास हवा होता. मी माझा अंगठा त्यात ठेवून पाहिला. बसला नाही, ठसा अरुंद होता, भावाच्या अंगठ्याएवढा.

मी अंगठा काढून घेतला.

ठसा आणखी थोडा आत गेला.