नळी आत असताना

कापसाची गाडी जालन्याला जिनिंगवर निघाली होती. जायचंच आहे तर लेकराची छातीही दाखवून आणू, असं हे म्हणाले, म्हणून भुजंगला घेऊन मी कापसावर चढून बसले. शेजारी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. आठवडा झाला, भुजंगच्या छातीत बारीक शिट्टी वाजत होती. काढा झाला, अंगारा झाला. ऊन कोवळं होतं, बैल रमतगमत चालले होते. भीती अशी मला वाटतच नव्हती. लाज तेवढी वाटत होती.

लाज त्याच्या कपड्यांची. आमची पहिली, गोदावरी, घशाच्या दुखण्यानं गेली. तिच्या पाठीवर हा झाला. झाल्याबरोबर आत्याबाईंनी त्याचं नाक टोचलं, गोदीचं परकर-झबलं त्याला घातलं, आणि हाकही गोदी म्हणूनच मारायला लागल्या.

"नेणाराला वाटू दे, पोरगी घरातच हाय. मंग त्यो दुसऱ्याला हुडकत न्हाई."

मी सातवी शिकलेली. मला हे पटत नव्हतं. पण ज्या घरातून एक लेकरू गेलंय, तिथं दुसऱ्याच्या जिवावर वाद कोण घालील?

दवाखान्यात चुना आणि फिनेलचा वास होता. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली, पुन्हा लावली. कपाळाला आठी पडली.

"उजवीकडं हवा जातच नाही. काय खाल्लं यानं?"

मला आठवलं. अंगणात आम्ही चिंचोके भाजून फोडत बसलो होतो, आणि हा ठसकला होता.

"ब्राँकोस्कोपी करावी लागेल. आत्ताच."

"म्हणजे काय हो, बाई?"

"दुर्बीण घालत्यात ती," आत्याबाई मधेच म्हणाल्या. "नुस्तं बघायचंच हाय, तर वरून बघा की! लेकराला कशाला नळी?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी बोटानं माझ्या तळहातावर उलटं झाड काढलं. "ही श्वासाची नळी. खाली तिला दोन फांद्या फुटतात. त्या फांदीचं नाव ब्राँकस. स्कोपी म्हणजे डोळ्यानं पाहणं. नुसता घसा पाहिला तर हे नाव लागत नाही. दिव्याची नळी घालून फांदीपर्यंत गेलं, तरच लागतं. आणि अडकलेलं काही दिसलं, तर त्याच वाटेनं काढायचं." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "नळी आवाजाच्या पडद्यांमधून जाते. ती आत असेपर्यंत त्याला रडता येणार नाही. आवाज आला नाही म्हणून घाबरू नका."

नर्स पुष्पाबाईंनी नाव विचारलं. "गोदावरी," आत्याबाई ठणकावून बोलल्या आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या.

आत झबलं काढताच पुष्पाबाई ओरडल्या, "अगं बाई! हा तर बाप्या हाय! मंग नाव काय याचं?"

दोघी माझ्याकडं बघत राहिल्या. भुजंग म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण सगळी हकिकत सांगावी लागली असती. मी झबल्याची घडी घालायला लागले.

दाराखिडक्यांना काळी कापडं ओढली. भर दुपारी खोलीत इतका अंधार झाला, की मी धरलेले भुजंगचे पाय मलाच दिसेनात. नळीच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा दिवा. तो त्याच्या तोंडात गेला, आणि खोलीत नुसती गळ्याची तांबूस कातडी तेवढी उजळली. मग तीही विझली. दिवा खोल उतरला. शिट्टी थांबली. रडणं थांबलं. पाय तेवढे माझ्या मुठीत झटके देत होते.

पुष्पाबाईंनी डोकं घट्ट धरलं होतं. सवयीनं त्या चुचकारायला लागल्या, "हलू नको हं, राजा… झालंच… गोदा… ए गोदा…"

"ओ…"

नळीतून आला तो आवाज. बारीक, ओला, जरासा नाकातला. दुखण्यात गोदी अशीच ओ द्यायची. आणि भुजंगला तर अजून ओ द्यायचंही माहीत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंचा हात थांबला. "कोण बोललं?"

"बाहेर… बाहेर कुणी असंल, बाई."

"चिंचोका दिसतोय. चिमटा द्या. आतली कातडी निळी पडतेय, लवकर करा."

आणि मी म्हणाले, "थांबा."

"काय?"

"जरा थांबा, बाई… आणखी एकदा हाक मारू द्या."

बाईंनी ऐकलं नाही, म्हणून भुजंग आहे. चिमट्यात काळी फोड आली, नळी निघाली, तो टाहो फोडून रडला. कापडं काढली. उजेडात पुष्पाबाई माझ्याकडं बघत नव्हत्या. डॉक्टरीणबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आईचं काळीज. नाही बघवत," म्हणाल्या. त्यांना वाटलं, मी लेकराच्या दयेनं थांबा म्हणाले. मी तसंच वाटू दिलं. पोटचा मुलगा निळा पडत होता, आणि त्याचा गळा मला दुसऱ्या कुणासाठी उघडा हवा होता. हे मी कुणाला सांगू?

बाहेर आत्याबाईंनी त्याला उचलून पटापट मुके घेतले. "आली गं माझी गोदी!"

आता महिना झाला. भुजंग खातो, रांगतो. शिट्टी बिलकुल गेली. मी त्याला कुठल्याच नावानं हाक मारत नाही. टाळी वाजवते, तो येतो.

दुपारी झोळीत निजला, की त्याची छाती वर येते, खाली जाते. मग ती निवांत असते. आणि पुढचा श्वास घ्यायच्या आधी, छाती अगदी थांबलेली असताना, झोळीत कुणीतरी हळूच श्वास सोडतं. लहानसा, दमलेला.

घरात कुणाला मी बोलले नाही. काम टाकून झोळीवर वाकते, कान लावते. त्या दोन श्वासांपैकी कुठल्या श्वासाची मी वाट बघत असते, ते लिहायला हात उचलत नाही.